‘त्यांना येऊ दे, मग बघू’

मागच्या आठवड्यात कैरीच्या लोणच्याबद्दल लिहिलं तेव्हा या वेळी पावसाळ्यासाठी धान्य कसं साठवायचं ते सांगेन, असं कबूल केलं होतं. तो विषय एक आठवडा पुढे ढकलते आहे. रागावू नका. धान्याला कीड लागायला महिना लागतो. आज ज्याबद्दल लिहायचं आहे, तिथे अर्धा तासही फार असतो.

माझं माहेर सांगलीचं आणि सासर साताऱ्याचं, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. माझे वडील, अण्णा, रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत फिरून यायचे आणि झोपाळ्यावर बसून बशीतून चहा प्यायचे. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. एका सकाळी चहाचा घोट उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळून सदऱ्यावर आला. आई म्हणाली, “अहो, लक्ष कुठं आहे?” ते हसले, पण हसू एकाच बाजूला गेलं. काहीतरी बोलले, ते नीट कळलं नाही. आईला वाटलं, कवळी बसवलेली नाही, म्हणून असेल. मग त्यांना उजवा हात जड वाटू लागला आणि ते आडवे झाले. आईनं पित्त समजून लिंबाचं सरबत दिलं. त्याचा त्यांना जोराचा ठसका लागला.

दादा पहाटेच कामासाठी कोल्हापूरला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. वहिनीची मुलांच्या डब्यांची घाई. आई म्हणाली, “दादाला येऊ दे, मग बघू.” शेजारच्या काकू आल्या. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, “अंगावरून वारं गेलंय.” मग कोमट तेल आलं, कांदा फोडून नाकाशी धरला गेला, कुणी हात चोळले, कुणी पाय. दादा साडेदहाला आला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे सलाईन लावलं. अखेर सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात पोहोचायला दुपारचा दीड वाजला.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घड्याळाचा. “हे शेवटचे धडधाकट कधी होते?” आई म्हणाली, “सकाळी.” “सकाळी म्हणजे किती वाजता?” आईनं दादाकडे पाहिलं, दादानं वहिनीकडे. हिशेब करता करता साडेसहा असं ठरलं. म्हणजे सात तास. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “साडेचार तासांच्या आत आला असता, तर एक इंजेक्शन देता येतंय का ते पाहिलं असतं.”

आमच्या घरापासून ते हॉस्पिटल रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. शेजारीच मिरज. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा माणसं औषधोपचाराला या गावात येत आली. लोक मैलोगणती प्रवास करून जिथे येतात, त्या गावाच्या दारात आम्ही राहत होतो, आणि आमचे सात तास घरातच गेले.

अण्णा आज आहेत. काठी घेऊन चालतात. उजवा हात कामाचा राहिला नाही आणि शब्द हरवले आहेत. समोरचा तांब्या दिसतो, पाणी हवं असतं, पण तोंडून ‘पाणी’ येत नाही, ‘ते, ते’ येतं. मला पाहून डोळे भरतात, पण माझं नाव सापडत नाही. ज्या माणसानं मला शुद्धलेखन शिकवलं, त्यांच्यापुढे आता मीच अक्षरांची पाटी घेऊन बसते.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. म्हणून सांगते, आपला घात निम्मा शब्दानंच केला आहे. ‘वारं गेलं’, ‘अर्धांगवायू’ असं म्हटलं की मनात वाराच येतो, आणि वाऱ्यावर उपाय म्हणजे तेल, शेक, चोळणं. पण यात वारा कुठेच नाही. बिघाड हातापायात नसतो, डोक्यात असतो. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद होते, नाहीतर फुटते. गुठळीचा प्रकार जास्त आढळतो. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेक माणसांचं बोलणंही सांभाळतो. म्हणून अण्णांचा उजवा हात आणि वाचा एकदमच गेली. हात कितीही चोळला तरी डोक्यातली गुठळी कशी हलणार? डॉक्टर याला ‘स्ट्रोक’ किंवा ‘ब्रेन अ‍ॅटॅक’ म्हणतात. हार्ट अ‍ॅटॅक म्हटलं की आपण चपला न घालता धावतो. तशीच धाव इथे हवी.

मोठी रक्तवाहिनी बंद झाली, तर मेंदूच्या सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब २००६ साली एका अमेरिकन डॉक्टरांनी मांडला. आपला चहा उकळायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात किती गेल्या, ते तुम्हीच मोजा.

आता दुसरी गोष्ट, साताऱ्याची. गेल्या हिवाळ्यात शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. आमच्या शाळेतल्या मावशी घंटा द्यायला निघाल्या आणि त्यांच्या हातातला टोल खाली पडला. उचलायला वाकल्या, पण बोटं त्याला धरेनात. मी म्हटलं, “मावशी, जरा हसा बघू.” त्या हसल्या आणि माझ्या पोटात धस्स झालं. तेच एका बाजूचं हसू. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. खडूनं फळ्यावर तेवढंच लिहिलं आणि १०८ लावला.

मुख्याध्यापिका बाई घाबरल्या. म्हणाल्या, “त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कसं न्यायचं? उद्या काही झालं तर?” मावशींचे यजमान शेतावर, मुलगा एमआयडीसीत कामाला. खरं सांगते, माझेही पाय लटपटत होते. परक्याच्या घरची बाई, आपण नेलं आणि वाईट झालं तर बोल आपल्यावरच येणार. पण डोळ्यांपुढे आईचा तो दादाकडे बघणारा चेहरा आला. म्हटलं, “बाई, गाडीत बसूनच फोन करू.”

मुलगा मोटरसायकलवरून थेट हॉस्पिटलात आला. स्कॅन झालेला होता, रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, पण त्यात धोकाही आहे. अमेरिकेत १९९५ साली ज्या मोठ्या अभ्यासानंतर हे इंजेक्शन वापरात आलं, त्यात शंभरातल्या सुमारे सहा रुग्णांना मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली होती, आणि तरीही तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा इंजेक्शन मिळालेल्यांत चांगले सुधारलेले जास्त होते. मुलगा मिनिटभर गप्प राहिला आणि त्यानं सही केली. मावशी आता कामावर येतात. डावा पाय किंचित ओढतो. पण घंटा त्याच देतात.

म्हणजे इंजेक्शन जादूचं आहे, असं समजू नका. ते सगळ्यांना देता येत नाही आणि दिलं म्हणजे सगळे उठून चालतात असंही नाही. साडेचार तास ही शेवटची हद्द आहे. घरात बसून काढायची ती सवलत नव्हे. हॉस्पिटलात पोहोचल्यावर स्कॅनला, तपासण्यांना वेळ लागतोच, आणि इंजेक्शन जितकं लवकर तितका गुण जास्त. मोठ्या नळीतली गुठळी मांडीतून तार घालून काढण्याचीही सोय मोठ्या शहरांतल्या काही हॉस्पिटलांत आहे. ती बहुधा सहा तासांत करतात, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करता येते. तेव्हा ‘आता उशीर झाला’ असं म्हणून आपणच नाद सोडायचा नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

दोन्ही घरांतला फरक पाहा. आईला माया कमी नव्हती, अक्कलही कमी नव्हती. तिला फक्त वाटत होतं की हा निर्णय आपला नाही. मैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांच्या अंगात ही सवय मुरली आहे. गॅसचा सिलिंडर सोडला तर बाकी सगळं ‘ह्यांना विचारून सांगते’. एरवी त्यानं संसार सुरळीत चालतो, मी नाही म्हणत नाही. पण सकाळी चहाची बशी आपण पुढे करतो, रात्री गोळी आपण देतो. चेहरा बदलला तर तो आधी आपल्याच नजरेला पडतो. ज्यानं आधी पाहिलं, त्यानंच निघायचं. विचारायचं ते वाटेत.

ओळखायचं कसं? तीन गोष्टी करून घ्या.

हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं जातंय का?

डोळे मिटून दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा. एक हात खाली घसरतोय का?

एक साधं वाक्य म्हणायला सांगा. ‘आज बाजाराचा दिवस आहे’ एवढं पुरे. जीभ जड येतेय का, भलतेच शब्द येतात का, की आपलं बोलणंच त्यांना कळत नाही?

यांतली एकही गोष्ट अचानक बिघडलेली दिसली, तर तेवढं पुरे. त्याशिवाय एकाएकी तोल जाणं, एका डोळ्यानं दिसेनासं होणं किंवा एकाची दोन दिसणं, आणि आजवर कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी उठणं, हीसुद्धा लक्षणं आहेत. बहुतेकांना या दुखण्यात वेदना होत नाही, म्हणूनच घरचे गाफील राहतात. दुखत नाही म्हणजे साधं आहे, असं इथे धरू नका.

मग काय करायचं? घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं, तर रात्री शेवटचं ठीक बोलले ती वेळ सांगायची. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. फोनवर ‘चक्कर आली’ म्हणू नका, ‘लकव्याचा झटका वाटतोय’ असं स्पष्ट सांगा. गाडीला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनानं निघा, पण सीटी स्कॅन चालू असलेल्या हॉस्पिटलातच जा. निघतानाच तिथे फोन करा. रोजच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगा. मधुमेह असेल तर तेही सांगा, कारण साखर फार उतरली की असंच दिसू शकतं.

काय करायचं नाही तेही ऐका. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात, घोट फुफ्फुसात जातो. अण्णांना तो ठसका त्यामुळेच लागला. बीपीची जादा गोळी देऊ नका, दाब एकदम उतरला तर मेंदूचं नुकसान वाढतं. ॲस्पिरिन देऊ नका. नळी बंद झाली आहे की फुटली आहे, हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही, आणि फुटली असेल तर ती गोळी घात करील. कवळी काढा, कुशीवर निजवा, उलटी झाली तर तोंड पुसा. कांदा, चप्पल, तेल, अंगारा नको. काही ठिकाणी कबुतराचं रक्त चोळतात. त्यात कबूतरही जातं आणि वेळही.

आणखी एक चकवा आहे. झटका येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत जातो. सगळे म्हणतात, सुटलो! अण्णांच्या हातून आठ दिवस आधी वर्तमानपत्र गळून पडलं होतं आणि पाच मिनिटं हात उचलत नव्हता, हे आईला नंतर आठवलं. हा निरोप असतो. पुढचा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त. बरं वाटलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांकडे जा.

आता थोडं आपल्याबद्दल. या दुखण्याची सर्वांत मोठी वाट रक्तदाबानं उघडते, आणि तो दुखत नाही, खुपत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ भरला होता. तेव्हा चांगली औषधं नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी ते डोकं फार दुखतंय म्हणाले आणि मेंदूत रक्तस्राव होऊन काही तासांत गेले. जगातल्या बलाढ्य माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. आणि आपण करतो काय? ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करतो! गोळीमुळेच बरं वाटतंय, हे लक्षात घ्या. ह्यांचा दाब तुम्ही तपासून आणता, तसा स्वतःचाही मोजून घ्या. तो पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर भरला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

मीठ दिवसाला माणशी सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवं. त्यात पापड, लोणचं, चटणी सगळं आलं. मागच्याच आठवड्यात मी तुम्हाला लोणचं शिकवलं, हे विसरले नाही. फोड एकच घ्या. मशेरी हे आपल्या भागातल्या कित्येक बायकांचं लपलेलं व्यसन. दात घासायला म्हणून सुरू होते, पण तो तंबाखूच आहे.

गरोदरपणी ज्यांचा दाब वाढला होता, त्यांनी बाळंतपणानंतरही तो तपासत राहावं. बाळंतिणीचं पाणी तोडायची जुनी रीत सोडा. शरीर कोरडं पडलं की मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. बाळंतिणीचं डोकं न थांबता दुखू लागलं, झटके आले, नजर धूसर झाली, तर नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळत बसू नका. गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. पूर्वी गुठळी झाली असेल, दाब असेल, अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना ते सगळं सांगूनच. आणि लक्षणं स्वतःला जाणवली, तर ‘एवढा कुकर होऊ दे’ म्हणू नका. हाक मारा. घरातल्या लेकराला १०८ आजच शिकवून ठेवा.

ज्यांच्या घरी हे आधीच येऊन गेलं आहे, त्यांनी धीर सोडू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली की व्यायाम लगेच सुरू करायचा. पहिले काही महिने फार मोलाचे, पण त्यानंतरही सुधारणा होते. बोलणं गेलं म्हणजे समज गेली, असं धरू नका. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलू नका. आणि सेवा करणाऱ्या बाईलाही आठवड्यातून एक दुपार मोकळी द्या. मी शनिवारी-रविवारी सांगलीला जाते, ती अण्णांइतकीच आईसाठी.

आई अजून म्हणते, “मला कळायला हवं होतं.” मी तिला सांगते, कुणी कधी सांगितलंच नव्हतं तर कळणार कुठून? हा लेख तिला फोनवर वाचून दाखवला. म्हटलं, “तुझी चूक चारचौघांत मांडतेय, चालेल का?” थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “सरबताचंही लिही. नाहीतर कुणीतरी देईल.”

म्हणून ते लिहिलं.

आज जेवणं आटोपली की एक काम करा. आपल्या गावात रात्री-बेरात्री सीटी स्कॅन कुठे होतो, एवढं फोन करून विचारा. एका कागदावर ते नाव, तिथला फोन, १०८, घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्या आणि वर नमूद केलेल्या तीन परीक्षा लिहा आणि फ्रीजच्या दाराला लावा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलातले आरोग्यमित्र सांगतात. कागदपत्रांसाठी मात्र खोळंबू नका, आधी माणूस पोहोचू दे.

पुढच्या आठवड्यात धान्याची साठवण, नक्की. कडुनिंबाचा पाला आत्तापासून सावलीत वाळवायला घाला.